दुसऱ्या रांगेला हात लावू नये

आत्याने एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला, मग खाली ठेवला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. माझं सगळं बदललं ते त्या क्षणी, आणि हे मृत्युपत्रही तिथूनच सुरू होतं.

मी, वय वर्षे बावीस, भौतिकशास्त्राचं शिक्षण अर्धवट टाकलेला, शिंपीकाकांच्या दुकानावरच्या खोलीत राहणारा, ज्याला घरीदारी सगळे भडक्या म्हणतात, तो आज पूर्ण शुद्धीत आणि शांत डोक्याने (हे दुसरं क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो), कोणाच्या दबावामुळे नव्हे तर सगळे नको नको म्हणत असताना, हे लिहून ठेवत आहे.

कारण असं. माझी आत्या तोंडाची आणि जबड्याची सर्जन आहे. डाव्या गालाला आतून सूज आली तेव्हा मी तिला म्हटलं, अक्कलदाढ येत असेल. "तुला? मला शंकाच होती," आत्या म्हणाली. पण ते एक्स-रेच्या आधी. नंतर तिने सांगितलं की हाडात गाठ आहे. जीव घेणारी नाही, पण हाड आतून पोखरत चालली आहे. जबड्याचा तेवढा तुकडा काढायचा आणि पायाचं हाड आणून तिथे बसवायचं. उद्या सकाळी. घरच्या माणसावर हात चालत नाही म्हणून सुरी तिच्या मैत्रिणीकडे. आत्या उशाशी उभी राहणार.

"यात कोणी मरत नाही रे."

"मग मरणाच्या कागदावर सही कशाला घेता?"

"पद्धत असते ती. आणि ऐक, काय बोलायचंय ते आज बोलून घे. उद्यापासून दीड महिना तोंड बांधलेलं. घराला जरा शांतता मिळेल."

हसत म्हणाली ती. पण पुढे शब्द पहिल्यासारखे येतील ना, असं विचारल्यावर तिने पुन्हा चष्मा काढला.

कलम १. स्थावर मालमत्ता नाही. भिंतीवरचा सोल्डरिंगचा काळा डाग माझा आहे. तो पुसायला जाऊ नये, रंग निघेल.

कलम २. सायकल बाबांना. त्यांचीच आहे, परत करायची राहून गेली. सोल्डरिंगची बंदूक आणि मीटर ज्योतवालीला. तिच्याविषयी पुढे येईलच. सगळं तिच्यापाशीच येतं. किटलीवर शिंपीणकाकूंचा डोळा होता, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असं ऐकलं. म्हणून किटली त्यांना आजच, हातीपायी धड असताना दिली. काकू म्हणाल्या, "एवढ्याशा वयात मृत्युपत्र कसलं लिहितोस मेल्या, लग्नपत्रिका लिही." मी म्हटलं, तिथे दोन नावं लागतात.

कलम ३. उद्याच्या तुकड्याबरोबर जी दाढ निघेल ती आत्याला. मला अक्कलदाढ होती याचा पुरावा म्हणून तिने ती टेबलावर ठेवावी.

आत्याचं मी आणखी एक देणं लागतो, तेही इथेच लिहितो. दोन वर्षांपूर्वी जेवताना ती बाबांना सांगत होती की दाढ काढली की खड्डा उघडा राहतो, काहींच्या आतलं हाड कुजायला लागतं आणि कशाला जुमानत नाही. बाबा वाइनची द्राक्षं पिकवतात. ते म्हणाले, "माझ्या वेलींचं काय वेगळं आहे? छाटणी केली की जखम उघडी. बुरशी शिरते आणि खोड आतून काळं पडतं." मग कोणाचं दुःख मोठं यावर भावंडांची जुंपली. मी म्हटलं, अहो, तुम्ही दोघं एकच बोलताय. आणि आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगी आहे. तेव्हापासून ती आमच्या घरी आणि बागेत येऊ लागली.

ती मुलगी म्हणजे ज्योतवाली. माझ्याहून दोन वर्षं मोठी. काचेच्या बारीक नळीतून वायू सोडून त्याला वीज दिली की टोकाला जांभळी ज्योत येते, पण ती गरम नसते. तिने जंतू मरतात. ओल्या जखमेवर धरता येते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "घाल बोट."

"भाजेल."

"एवढा तापट म्हणतात तुला आणि ज्योतीला घाबरतोस? घाल."

घातलं. कोणीतरी बोटावर हळूच फुंकर मारावी तसं वाटलं. ते बोट त्यानंतर माझं राहिलेलं नाही, त्यामुळे त्याची वाटणी करता येत नाही.

कलम ४. विभागप्रमुख सरांना चहाचा एक नवा कप. जुन्यात मी माझं ओळखपत्र बुडवलं होतं. त्या दिवशी सर सगळ्यांदेखत ज्योतवालीला म्हणाले की बागेतल्या माणसांवर आणि त्यांच्या पोरांवर विसंबलीस तिथेच चुकलीस. बागेतला माणूस, म्हणजे माझे बाबा, शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. सरांवरचा माझा राग मी अर्धा सोडून देत आहे. उरलेल्या अर्ध्याला हात लावलेला नाही.

कलम ५. तपासणीला देऊन जबड्याचं जे हाड उरेल ते ज्योतवालीच्या संशोधनाला. हे कलम मी जगलो तरी लागू धरावं. हाडाचे दोन भाग करावेत. एकावर ज्योत धरावी, दुसऱ्याला अजिबात हात लावू नये, आणि मग दोन्ही ताडून पाहावेत. हे चालू असताना बाबांना त्या खोलीत सोडू नये. त्यांना राहवणार नाही.

हे का लिहिलं ते सांगावंच लागेल.

बागेतल्या प्रयोगाचं ठरलं होतं असं: छाटणीनंतर एका रांगेच्या जखमांवर ज्योत धरायची, शेजारची रांग मुद्दाम तशीच सोडायची. तशी सोडली नाही तर गुण ज्योतीचा की हवेचा, कळणार कसं? बाबांनी मान डोलावली. ज्योतवाली यंत्र बागेतल्या छपरीत ठेवून आठवडाभर गावी गेली. पुढच्या मोसमात प्रत्येक रांगेतली दोन-दोन खोडं चिरून पाहिली, तर दोन्ही रांगा आतून सारख्याच पांढऱ्या. निष्कर्ष काय? ज्योतीचा उपयोग शून्य! एवढ्या मेहनतीनंतर तिच्या हाती काही नाही, आणि त्यावाचून आत्यालाही माणसांवर ज्योत वापरायची परवानगी मिळेना. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दुसऱ्या रांगेलाही कोणी ज्योत दाखवली असणार. सरांनी बैठक बोलावली. कोणी केलं, म्हणून विचारलं.

मला आदल्या रात्रीच कळलं होतं. बाबा म्हणाले होते, "अर्ध्यांना औषध द्यायचं आणि अर्ध्या वाळताना बघत बसायचं? मीच लावल्यात रे त्या."

बैठकीत बाबा तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, मी केलं. ज्योतवालीने माझ्याकडे पाहिलं. "तू? तुला तरी कळायला हवं होतं." मग सरांचं ते वाक्य, मग कप, मग कॉलेज सुटलं. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. आत्याकडे येते, बागेत येते, मी असलो की नळी आवरायला घेते.

कलम ६. बाबांना मी काय देणार? त्यांनी माझ्यासाठी काही राखून ठेवलेलं नाही आणि माझ्यापासूनही काही राखून ठेवलेलं नाही. माझी जीभ त्यांच्या कामाची होती. घरच्या वाइनचं पिंप फोडलं की पहिला घोट मला द्यायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. उद्यानंतर ती चव जशीच्या तशी राहील की नाही, माहीत नाही. म्हणून या वर्षीच्या पिंपांबद्दल आत्ताच लिहून देतो: कोपऱ्यातलं पिंप अजून ठेवा. खिडकीजवळचं बाटल्यांत भरायला काढा. आणि काय हवं ते करा, पण दुसरी रांग तोडू नका. प्रयोग फसला असेल, पण त्या वेली जगल्यात.

कलम ७. माझ्या मागे ज्योतवालीला पुढील मजकूर वाचून दाखवावा: दुसरी रांग मी केली नव्हती. कोणी केली ते पाचव्या कलमात आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. आणि तो पहिल्या दिवशीचा फुंकरीसारखा स्पर्श

हे कलम इथेच रद्द. वर आडवी रेघ मारली आहे ती मीच, कोणी खाडाखोड केलेली नाही.

झालं असं की एवढं लिहीत होतो आणि बाबा जिना चढून आले. हातात काहीतरी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. बसले नाहीत.

"मी तिच्याकडे गेलो होतो," म्हणाले. "मीच केलं ते, म्हणून सांगायला. दारापर्यंत गेलो. बेल दाबली नाही."

"का?"

"तू माझ्यासाठी बोललास. मी परस्पर जाऊन ते मोडू? तूच सांग. माझं नाव घेऊन सांग." मग माझ्या डाव्या गालाकडे बघत म्हणाले, "आणि तुझं स्वतःचं जे आहे तेही सांग. सगळ्या घराला माहीत आहे. तिलाच तेवढं नाही."

फडक्यात दुसऱ्या रांगेतली छाटलेली काडी होती. जखमेच्या कडेने आत सगळं स्वच्छ पांढरं.

तेव्हा जे तोंडाने सांगायचं ते वारशात ठेवणार नाही. आज माझा जबडा माझा आहे. ती हसेल, ओरडेल, दार लावून घेईल, तिची मर्जी. पण ऐकेल माझ्याच आवाजात.

उरलेली सगळी कलमं कायम. दुपारची वेळ आहे, ती प्रयोगशाळेत एकटी असते.

साक्षीदार:
१. शिंपीकाका (सही). "वाचलं नाही, पण पोराचा हात थरथरत नव्हता एवढं सांगतो."
२. शिंपीणकाकू (सही). "किटली मिळाली."

ठिकाण: दुकानावरची खोली.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

सही: भडक्या

कागद टेबलावर, त्यावर मीटर ठेवलं आहे, उडू नये म्हणून. काडी मी बरोबर नेतो. किल्ली काकांकडे. दार बाहेरून ओढून घेतो.