राज्य कुणावर

सोमवार, ७ ऑक्टोबर

नवी मुलगी आली. आठ वर्षांची. दारातच थांबली, आत येईना. आमच्या पाचही कार्ट्यांच्या चपला दारात नेहमीप्रमाणे वाटेल तशा पडलेल्या. ती खाली बसली, एकेक जोडी जुळवली, टाचा भिंतीला लावून रांग केली, शेवटी स्वतःची जोडी ठेवली आणि मग आत आली. हे पाळणाघर सुरू केल्यापासून मी त्या चपलांसाठी घसा कोरडा करते आहे. हिला कुणी सांगितलंही नव्हतं. मुलगी मला तिथेच आवडली.

आई नर्स आहे. भरभर बोलते — बऱ्याच ठिकाणी नकार ऐकलेली माणसं बोलतात तशी. ‘ऑटिझम आहे तिला. आधीच सांगते, नंतर कुणी म्हणायला नको, लपवलं म्हणून.’ याआधीच्या दोन पाळणाघरांनी हात वर केले. महिनाअखेरपर्यंत इथे बघायचं. नाहीच रमली तर मुलगी आजोळी, दुसऱ्या गावी. ‘माझी आई नीट सांभाळेल हो तिला. पण मग मी रविवारची पाहुणी होईन.’ एवढंच म्हणाली आणि पर्सची चेन लावत बसली. चेन लागलेलीच होती.

मी म्हटलं, माझ्याकडे नियम आहेत आणि ते सगळ्यांना सारखे. ती म्हणाली, नियम असले की तिला बरं वाटतं.

माझ्या नियमांविषयी इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

माझा पहिला नियम — बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं. नवी माझ्या डाव्या कानाकडे बघते. तीनदा सांगितलं. मग तिने डोळ्यांकडे बघितलं खरं, पण चेहरा असा केला जणू मी तिच्या तोंडावर बॅटरी मारते आहे. आणि मी काय बोलले ते तिला एक अक्षर सांगता आलं नाही. नंतर कानाकडे बघत असताना सूचना दिली, तर सगळी जशीच्या तशी परत म्हणून दाखवली. माझ्या खोकल्यासकट.

नियम बदलला. आता बोलताना कुठेही बघावं, ऐकावं मात्र. गोगलगायीला फार आनंद झाला. (हा दुधाचा एक पेला संपवायला संध्याकाळ करतो, म्हणून गोगलगाय.) तो आता माझ्याशी छताकडे बघून बोलतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मिक्सर लावला आणि नवी टेबलाखाली गेली. कानांवर हात, डोळे मिटलेले, घशातून एकसुरी आवाज. मिक्सर बंद केला तरी थांबेना. टेबलावरची चादर खालपर्यंत ओढून दिली आणि बाकीच्यांना अंगणात हाकललं. बऱ्याच वेळाने ती आपली आपण बाहेर आली आणि काही झालंच नाही अशा थाटात सफरचंद खाऊ लागली.

अंगणात मात्र चर्चासत्र सुरू. टिचकी — आमच्यातला सगळ्यात छोटा — विचारत होता, ती वेडी आहे का. वकीलबाईने त्याला टपली मारली, पण तिलाही तेच विचारायचं होतं हे तोंडावर दिसत होतं. वकीलबाई दहा वर्षांची आहे आणि जिभेला हाड नाही. जुळ्या बहिणी नेहमीप्रमाणे एकमेकींच्या कानात.

उद्या मुलांशी बोलायला हवं. कॉलेजात माझा विषय मानसशास्त्रच होता. पण त्या जाडजूड पुस्तकात या मुलीच्या वाट्याला फार तर अर्धं पान होतं, आणि त्यात सगळा दोष आईला दिलेला. ते पुस्तक काही कामाचं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बोलले. नवीच्या आईला फोन करून आधी विचारलं. ती म्हणाली, सांगा, आणि लेकीच्या समोरच सांगा, तिच्यामागे नको. म्हणून नवी भिंतीशी बसून चित्रकोड्याचे तुकडे लावत होती आणि मी बाकीच्यांना समोर बसवलं.

म्हटलं, तुमच्या कानाशी एक दारवान आहे. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न — तो परस्पर घालवून देतो. हिच्या दारवानाने दार सताड उघडं टाकलंय, सगळे आवाज एकदम आत घुसतात. म्हणून मिक्सर लागला की ती टेबलाखाली जाते. म्हणून रोजच्या गोष्टी रोजच्यासारख्या झाल्या की तिला बरं वाटतं. शब्द आहे ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात, मला तो शब्द पटत नाही. ही मुलगी स्वतःत मग्न वगैरे नाही. या खोलीत काय कुठे आहे याची खबर माझ्यापेक्षा तिला जास्त.

प्रश्न आले. हे सर्दीसारखं लागतं का? — नाही. बरं होतं का? टिचकी डावखुरा आहे, त्यालाच उलट विचारलं, तुझा डावा हात कधी बरा होणार? तो आपल्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. मग गोगलगाय छताला उद्देशून म्हणाला, ती हुशार आहे का ढ? म्हटलं, तू कोण आहेस? तो म्हणाला, विषयावर आहे. — बरोबर. तिचंही तसंच.

शेवटी म्हटलं, तिला जरा सांभाळून घ्या. मुलांनी माना डोलावल्या. वकीलबाईने सर्वांत जोरात.

भिंतीशी बसलेली नवी मध्येच म्हणाली, ‘पंखा घरघर नाही करत. टक टक करतो.’ आम्ही सगळे कान देऊन बसलो. खरंच टक टक करतो! उद्या वायरमनला बोलवायचं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

संध्याकाळी अंगणात पकडापकडी. मी भिंतीशी खुर्ची टाकून भाजी निवडत होते. आणि काय बघते, नवी खेळते आहे! पाचांच्या बरोबरीने पळते आहे. मुलांना शाबासकी दिली, बिस्किटं जास्त दिली. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ताई, तू आणि शाबासकी? बरं वाटत नाहीये का तुला?

बुधवार, १६ ऑक्टोबर

नवी हल्ली खेळता खेळता मध्येच उभी राहते आणि ‘राज्य, राज्य’ म्हणत राहते. मुलं हसून पुढे पळतात. तिला शब्द आवडला असेल.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

ती वकीलबाईच्या मनगटाला चावली. कडकडून. रक्त नाही आलं, पण दातांची कमान उमटली. मी धावत पोचेपर्यंत नवी जमिनीवर पडून पाय झाडत होती आणि वकीलबाई मनगट धरून पांढरीफटक. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, हे पहिल्यांदाच.

नवीच्या आईला सांगावं लागलं. ऐकून घेतलं. विचारलं फक्त, ‘त्या मुलीला फार लागलंय का?’ मग ड्रेसिंग तिने स्वतःच केलं. लेकीला घेऊन गेली. जाताना लेकीने चपला सरळ केल्या नाहीत.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सुट्टीचा दिवस, तरी वकीलबाईची आई लेकीचा हात धरून दारात हजर. ती मुलगी राहणार असेल तर आम्ही नाही, असं सरळ सांगितलं. चूक म्हणता येत नाही, माझ्या मुलीला कुणी चावलं असतं तर मीही आले असते. मी म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ द्या.

तेवढ्यात वकीलबाई म्हणाली, ‘आई, चूक आमची होती.’

मग सगळं बाहेर आलं. मी सांगितलं होतं, सांभाळून घ्या. मुलांनी आपापसात ठरवून नवीला कच्चं लिंबू केलं. म्हणजे ती खेळात आहे पण नाही. धक्का लागला तरी तिच्यावर राज्य येणार नाही. तिने कुणाला धरलं तरी ते धरलेलं नाही. कुणी तिला सांगितलंसुद्धा नाही, वाईट वाटेल म्हणून. आणि ती बिचारी रोज पकडली जात होती, रोज थांबून ‘राज्य’ म्हणत होती — म्हणजे माझ्यावर आलं, मोजा — आणि ही मंडळी हसून पुढे पळत होती. शुक्रवारी तिने वकीलबाईला धरलं, चांगलं घट्ट धरलं. वकीलबाईने हात सोडवून घेतला आणि प्रेमाने तिच्या गालाला हात लावला.

‘तिला खेळ कळत नाही असं वाटलं आम्हाला,’ वकीलबाई म्हणाली. ‘तिलाच कळत होता. आम्हीच चिटिंग करत होतो.’

आई म्हणाली, म्हणून काय चावायचं? वकीलबाई म्हणाली, चावायचं नाहीच. पण ती आठवडाभर तोंडाने सांगत होती.

आईने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ही घरीही अशीच डोकं खाते हो. आणि चहाला थांबली.

मीही ते ‘राज्य, राज्य’ ऐकलं होतं. तिला शब्द आवडला असेल! पदवी कुठे ठेवली आहे ती शोधून अडगळीत टाकायला हवी.

सोमवार, २१ ऑक्टोबर

सभा भरली. नवी भिंतीशी, चित्रकोडं समोर. मी आधी माझं बोलले — सांभाळून घ्या हे मी चुकीचं सांगितलं. एखाद्याला मोजायचंच नाही, हे सांभाळणं नव्हे. मग वकीलबाईने सूत्रं हातात घेतली, मला बसायला सांगून.

ठराव एक. कच्चं लिंबू बंद. अंगणातल्या खडूच्या रेषेच्या आत जो कुणी असेल तो खेळात. लहान-मोठं, नवं-जुनं काही नाही. टिचकी कुरकुरला, कारण आजवर अधूनमधून तोही कच्चं लिंबू होता आणि त्याचं बरं चाललं होतं.

ठराव दोन हा जुळ्यांचा, दोघी एकदमच बोलल्या. टाइमप्लीज सगळीकडे चालेल. खेळातच नाही, घरातसुद्धा. मूठ वर केली की त्या माणसाला कुणी काही विचारायचं नाही, हात लावायचा नाही. कारण सांगायची गरज नाही. फक्त नवीसाठी का, असं मी विचारलं. वकीलबाई म्हणाली, नाही बाई, सगळ्यांना. मग ते तिचं वेगळं राहत नाही.

ठराव मी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

ठराव तीन — चावणं बंद. हा नवीकडे बघून वाचला गेला. नवी वकीलबाईच्या कानाकडे बघत म्हणाली, ‘बरं.’

पण खेळायला आली नाही. रेषेबाहेर पायरीवर बसून राहिली.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

टाइमप्लीजने उच्छाद मांडला आहे. गोगलगायीने दुधाचा पेला समोर येताच मूठ वर केली. ती दूध थंड होईपर्यंत वर. एक जुळी दुसरीशी भांडताना मध्येच मूठ वर करून मोकळी. आणि आज मिक्सर लावायच्या आधी मी दारातून सांगितलं, मिक्सर लावते आहे. नवीने मूठ वर केली आणि चालत बाहेर गेली. टेबलाखाली नाही. चालत. मिक्सर थांबल्यावर टिचकी तिला सांगायला गेला, झालं म्हणून. मी पाठवलं नव्हतं.

खेळत मात्र नाही. मुलं रोज विचारतात, येतेस? उत्तर नाही. पायरीवरून सगळं बघते. कुणी रेषेवर पाय दिला की ‘आऊट’ म्हणते, आणि ती म्हणाली की आऊट, वाद नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

नवीची आई लवकर आली. पायरीवर एकटी बसलेली लेक तिने लांबून बघितली. गुरुवारी आजी घ्यायला येते आहे म्हणाली. ‘तुमचा काही दोष नाही हो. तुम्ही केलंत. पण ती बाहेरच बसायची असेल तर आजोळी तरी तिला आवाज कमी.’

मी म्हटलं, महिना गुरुवारी संपतो. ती म्हणाली, हो, गुरुवारीच.

मुलांना अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

सांगितलं. टिचकी रडला. वकीलबाईने विचारलं, तिला विचारलंय का कुणी?

बुधवार, ३० ऑक्टोबर

बहिणीचा फोन. म्हणाली, ताई, किती जीव लावतेस, एका महिन्यात? म्हटलं, काही नाही, दारातल्या चपलांची सवय झाली आहे. ती हसली नाही. तिने हसायला हवं होतं.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

भिंतीशी ऊन होतं म्हणून खुर्ची पुढे सावलीत ओढली. भाजीत लक्ष. राज्य टिचकीवर होतं. अचानक सगळे गप्प झाले म्हणून वर बघितलं, तर नवी पायरीवरून उठून रेषेच्या आत आली होती. टिचकी क्षणभर घुटमळला, मग नियमाप्रमाणे गेला आणि तिला धरलं. ‘राज्य,’ त्याने जोरात सांगितलं. सगळे पांगले. ती चालत सरळ माझ्याकडे आली. कुणाला आपणहून हात न लावणारी ही मुलगी, तिने माझ्या खांद्यावर पंजा ठेवला आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाली, ‘बाई, खुर्ची रेषेच्या आत आहे. तुमच्यावर राज्य.’

फाटकात तिची आई उभी होती, कानाला फोन लावून. ‘आई, तू निघू नकोस,’ एवढंच बोलली. ‘ती खेळतेय.’

मी मूठ वर करून बघितली. नवी म्हणाली, राज्य असलेल्याला टाइमप्लीज नसतो. मग पदर खोचला आणि पळाले.

गुडघा ठणकतो आहे. उद्याही खुर्ची आतच ठेवायची.