संशय कोंबडीवर

मंगळवार, ११ मार्च

आंघोळ घालताना हाताला लागलं. नाइआराच्या छातीवर, बोंडाखाली, चण्याएवढी गाठ. दोन्हीकडे. चार वर्षांची पोर! "आजी, दुखतंय ना," म्हणाली.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पेत्रा आम्हाला शेमीज घालूनच आंघोळ करायला लावायच्या. अंगाचं नावही काढायचं नाही. कित्ती साधे दिवस होते ते! आज तीच मी दिव्याखाली नातीची छाती चाचपते आहे.

तिकडे ऑर्लँडो शहरात इवेलिसला, माझ्या लेकीला, कळवायला हवं. कळवलं की ती येणार आणि पोरीला घेऊन जाणार. ऑगस्टमध्ये माझ्याकडे सोडून गेली — "कामाचा जम बसू दे, आई." कसलं काम? कुणीतरी पुरुष असणार. मी खोदून विचारलं नाही. पोर माझ्याजवळ राहत होती ना!

बुधवार, १२ मार्च

कोंबडीच! शेजारची मिग्दालिया शपथेवर सांगते. "आठवतं ना, १९८० च्या सुमारास आपल्या बेटावर? किती पोरींना असंच झालं होतं! पंखात इंजेक्शन मारतात, लवकर फुगावी म्हणून."

आणि नाइआरा तर पंखच मागून खाते.

शनिवार, १५ मार्च

मंडईत कोंबडीवाल्या एलेउतेरियोला सगळ्यांदेखत विचारलं, कोंबड्यांना काय टोचतोस?

"बाईसाहेब, तीस वर्षं माझ्याकडून पंख नेताय. तुम्हाला तुरा फुटला का?"

बायका फिदीफिदी हसल्या. पण मिग्दालिया आपली पिशवी उचलून निघाली, तिच्यामागे आणखी काहीजणी. त्याचा चेहरा उतरला. उतरू दे! काही नसतं तर चेष्टेवर का नेलं असतं?

दूधही बंद केलं. सोयाचंही. कुणाचा भरवसा उरला नाही.

सोमवार, २४ मार्च

डॉक्टर उम्पिएर्रेंनी मनगटाचा एक्स-रे काढला, रक्त घेतलं. "हाडं वयाच्या पुढे धावतायत. हिच्या अंगात हार्मोन बाहेरून येतोय." मी कोंबडीचं सांगितलं. "अहो, कोंबड्यांना कुणी हार्मोन देत नाही!" इतक्या ठामपणे? त्याही सामील असतील.

इवेलिसला फोन केला. "घरात काय आहे ते शोध, आई. नाही सापडलं तर मी नेईन तिला." नेईन म्हणताना आवाज का पडला तिचा? तो माणूस शेजारीच बसला असेल.

पोर हल्ली फार किरकिरते. डुलत्या खुर्चीत कुशीत घेतलं की मगच झोपते.

गुरुवार, ३ एप्रिल

रिपोर्ट आला. कोंबडी बंद, दूध बंद, तरी हार्मोनचा आकडा चढलेलाच!

नाइआरा माझ्या मांडीवर, माझ्या उघड्या हातांवर गाल ठेवून बसली होती. डॉक्टर त्या हातांकडेच बघत होत्या. "तुम्ही स्वतः काही घेता का?"

"छे! मागेच नाही का सांगितलं? एकही गोळी घेत नाही." मग म्हटलं, "पाळी गेल्यापासून अंगाची आग व्हायची, त्यासाठी जेल लावते तेवढं. हातांना. संध्याकाळी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. किती हळू बोलल्या! त्या जेलमध्ये बायकांचा हार्मोनच असतो. गोळी पोटात गेली की यकृत तिचा मोठा भाग मोडून टाकतं आणि लघवीवाटे घालवतं. कातडीतून शिरलेलं औषध मात्र आधी यकृताकडे जातच नाही, थेट रक्तात मिसळतं. आणि कातडीवर उरलेलं, हात लावील त्याच्या अंगात. एवढ्याशा जिवाला थेंबभरही पुष्कळ. रोज नवा थेंब, मग बाहेर पडणार कधी?

संध्याकाळी लावते — आणि लगेच तिला कुशीत घेते.

"जेल थांबवा. गाठी जातील," म्हणाल्या. "वेळेवर कळलं."

घरी येऊन हात कोपरापर्यंत साबणाने घासले. लाल होईतो. पोर दाराशी उभी राहून रडत होती, "आजी, घे ना!"

शुक्रवार, ४ एप्रिल

इवेलिसला सांगितलं नाही. डॉक्टर तरी कशाला सांगतील?

शनिवार, ५ एप्रिल

मंडईत गेले. एलेउतेरियोची सगळ्यांदेखत माफी मागितली, दोष माझ्या जेलचा होता म्हणून सांगितलं. "सकाळपासून तीन गिऱ्हाइकं, बाईसाहेब," एवढंच म्हणाला. कोंबडी कापून दिली, वर पंख घातले.

मिग्दालिया ऐकत होती. आता ही गोष्ट ऑर्लँडोपर्यंत जायला किती वेळ! त्याआधी मीच सांगायला हवं. घेऊन गेली तर गेली.

रविवार, ६ एप्रिल

प्रार्थनेहून आल्या आल्या इवेलिसला सगळं सांगितलं. ओरडेल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. ओरडली नाही.

"आई, असलंच जेल मीही लावते. ऑगस्टपासून. गाठी झाल्या होत्या, ऑपरेशन करून दोन्ही अंडाशय काढले. तिला उचलायची बंदी होती गं. तुला काय सांगणार होते?"

एकतीस वर्षांची माझी पोर. मी पुरुष शोधत बसले होते.

"दवाखान्यात जवळ कोण होतं?" विचारलं.

"नर्स होती की," म्हणाली.