उट्टं आयपीए

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: सूड.
काल साडूच्या ब्रूअरीत माझी बीअर घेऊन गेलो होतो. स्वतःच्या हाताने, घरी केलेली. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बँकेतली नोकरी सोडून एका जुन्या गॅरेजमध्ये चार टाक्या लावल्या, दाढी वाढवली, आणि तेव्हापासून क्राफ्ट बीअरवर, म्हणजे छोट्या टाकीत हाताने केलेल्या बीअरवर, प्रवचनं देत असतो. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि गॅरेजभर माणसांसमोर म्हणाला, साडूभाऊ, ओल्या पुठ्ठ्याची चव येतेय. वर पाठीवर थाप! म्हणे आपल्या चळवळीत खरं तेच बोलायचं असतं.
आपल्या चळवळीत! हा मोठ्या कंपनीच्या बीअरमध्ये बर्फ टाकून प्यायचा, तेव्हापासून मी चळवळीत आहे.
सोडणार नाही.

५ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. मार्चच्या शेवटच्या रविवारी साडूकडे घरगुती ब्रूअर्सची स्पर्धा आहे. जो जिंकेल त्याची रेसिपी साडूच्या मोठ्या टाकीत होणार, त्याच्याच नावाने विकली जाणार. मी जिंकणार. स्टेजवर जाणार. माइक घेणार. आणि सगळ्यांसमोर नकार देणार. "माझी बीअर तुमच्या टाकीत जाणार नाही." बस्स. एवढंच म्हणून खाली उतरायचं.
आयपीए करणार, म्हणजे जरा कडवट जातीची बीअर. नावही ठरलं. उट्टं. उट्टं आयपीए.

८ फेब्रुवारी, शनिवार
माल्ट उकळलं, कडवटपणासाठी हॉप्स, म्हणजे हॉपच्या वेलीची फुलं, घातले, गार केलं, यीस्ट सोडलं. आंबवायची बादली बाथरूममध्ये, कारण गारवा तिथेच टिकतो. झाकणावर स्टिकर होतं: दोन आठवडे झाकण उघडू नये. सोलून फेकलं. ही कारखानदारी वृत्ती! मोठ्या कंपन्या टाकीला कुलूप घालतात. आपण बीअरशी नातं जोडतो.
बाथरूममध्ये गरम पाण्याला बंदी जाहीर केली. बायको म्हणाली, थंडी आहे हो बाहेर. मी म्हटलं, यीस्टचं तापमान वाढता कामा नये. ती म्हणाली, माझं वाढतंय त्याचं काय?

१० फेब्रुवारी
झाकण उघडून वास घेतला. अप्रतिम! संध्याकाळी पुन्हा घेतला. सकाळचा होता की नाही ते बघायला.

१३ फेब्रुवारी
बायको टॉवेल घेऊन आंघोळीला बहिणीकडे जायला लागली. म्हणजे साडूकडे! शत्रूच्या गीझरवर! येताना निरोप घेऊन आली: भाऊजी विचारत होते, झाकण सारखं उघडत नाहीत ना ते?
ह्याला काय करायच्यात नसत्या चौकश्या? मला माझ्या बीअरपासून तोडायचा डाव आहे हा. ओळखला. मुद्दाम झाकण काढलं, वरणाच्या डावाने छान ढवळलं, वास घेतला, मग झोपलो.

१५ फेब्रुवारी
साडूने ताजे हॉप्स पाठवले. चळवळीत असं वाटून घेतात म्हणे, प्रतिस्पर्ध्यालासुद्धा. लाच! मला मिंधा करायला बघतोय. सगळे परत पाठवले. अर्धे ठेवून.

१८ फेब्रुवारी
ऑफिसात डोकं पिकलं. फ्रिज कंपनीच्या तक्रार विभागात काम करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आज एक बाई अर्धा तास भांडली, फ्रिजमध्ये गारवा राहत नाही म्हणून. शेवटी विचारलं, दिवसातून कितीदा दार उघडता? म्हणाली, सारखंच, आत काय चाललंय ते बघायला. बाई, उघडू नका ना मग! इतकी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये?
घरी येऊन झाकण उघडलं तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
बाटल्या भरल्या. रंग थोडा गडद आलाय. चांगलंय, भारदस्त वाटतो.
बायकोशी पैज. जिंकलो तर बाथरूम कायमचं बीअरचं. हरलो तर बाथरूम तिचं, गीझर चालू, आणि बादली फरशी पुसायला. हसत हसत हो म्हटलं. बिचारीची कीव आली.

१६ मार्च
भाषणाची तालीम, बाथरूमच्या आरशासमोर. "माझी बीअर" म्हणताना छातीवर हात. "तुमच्या टाकीत" म्हणताना साडूकडे बोट. मध्ये जरा थांबायचं, म्हणजे लोकांना टाळ्या वाजवता येतील. बायकोने बाहेरून विचारलं, बरं वाटतंय ना?

२९ मार्च
उद्या! साडूला शेवटची शांत झोप लागू दे.

३० मार्च, रविवार
काही नाही.

३१ मार्च
घसा बसलाय असं कळवून रजा टाकली. लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
साडूकडची पद्धत अशी, की स्पर्धकांनीच एकमेकांच्या बीअर चाखायच्या. ग्लासांवर फक्त नंबर, नावाची चिठ्ठी ग्लासाखाली चिकटवलेली. प्रत्येकाने चाखायचं आणि माइकवरून मनापासून बोलायचं. साडूनेही आपली बीअर ठेवली होती, बक्षिसासाठी नाही, नुसती सगळ्यांच्या रांगेत. केवढा तो मोठेपणा!
माइक माझ्याकडे आला. पाच नंबर तोंडाला लावला आणि ओळखलं. स्वच्छ, संत्र्याच्या सालीसारखा वास, शेवटी हवाहवासा कडवटपणा. माझीच! दुसरं कोण एवढं करणार? मी म्हटलं, मंडळी, ही बीअर नाही, ही तपश्चर्या आहे. टाळ्या पडल्या.
मग तीन नंबर. गढूळ, गडद, साडूच्या मनासारखी. आणि चव? ओला पुठ्ठा! डोळ्यांत पाणी आलं आनंदाने. इतके दिवस जपून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, ओल्या पुठ्ठ्याची चव येतेय. पुठ्ठाही साधा नाही, नाल्यात पडलेला. ज्याने ही केली त्याने आपली बादली फरशी पुसायला द्यावी आणि निदान घरच्यांना सुखाने आंघोळ करू द्यावी. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. साडू तेवढा हसत नव्हता. मला वाटलं, लागलं वर्मी!
चिठ्ठ्या उलटल्या. पाच: साडू. तीन: उट्टं.
उट्टं कुणाचं, म्हणून विचारणा झाली. मी छताकडे बघत होतो. मागून बायकोने हात वर केला. म्हणाली, आमच्या ह्यांचं.
साडूने खाली ओढलं असतं, हिणवलं असतं, तरी चाललं असतं. पण हा माणूस येऊन मिठी मारतो! म्हणे, साडूभाऊ, असली जीभ आमच्यात कुणाची नाही, नेमकं ओळखलंत. रेसिपी उत्तम आहे, फक्त आत हवा गेली की पुठ्ठ्याची चव येते. पुढची दोघं मिळून करू. आणि मी हो म्हणून बसलो. भाषण खिशातच राहिलं.

१ एप्रिल
गीझर चालू. बायको बाथरूममध्ये तासभर गात होती. बादलीत फिनेल.

६ एप्रिल, रविवार
साडू सकाळी नवी बादली ठेवून गेला. रेसिपी माझी, यीस्ट त्याचं. एकच अट, दोन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही. जाताना बायकोने आणि त्याने मिळून झाकणाभोवती टेप गुंडाळली. मी शब्द दिला. आणि मी शब्दाचा पक्का आहे.

६ एप्रिल, संध्याकाळ
पण यीस्ट त्याने दिलंय. बरोबर दिलं असेल कशावरून? आज मिठी मारणारा माणूस उद्या काय करेल सांगता येत नाही. बायको बाजारात गेली होती तेवढ्यात एकदाच बघितलं. फक्त खात्रीसाठी. वास अप्रतिम.
टेप आता परत चिकटत नाहीये. मोठ्या कंपनीचा माल, दुसरं काय.