टिचकी

२ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! टॅक्सीवाल्याने माझी बॅग उचलली आणि विचारलं, की मॅडम, आत दगड भरलेत का. मी म्हटलं, दगड नाहीत हो, पकडी आहेत, सोल्डरिंगचं सामान आहे आणि उरलेली पुस्तकं. त्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाची. टेबलाचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली कागदाची घडी घातली. नवरा सामान लावून दुपारच्या बसने परत गेला. जाताना दारात उगाच रेंगाळला, आतली कडी नीट बसते ना ते पुन्हा पुन्हा बघितलं आणि वेळेवर जेवत जा म्हणाला. दर रविवारी येणार आहे. बघू, किती रविवार टिकतो उत्साह.

नोकरीची जागा मात्र झकास. प्रसूतीच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आणि बरोब्बर खाली कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड. आमचे सर म्हणजे निवृत्त बालरोगतज्ज्ञ. कानांवर केस, खिशात लिमलेटच्या गोळ्या आणि आवाज असा, की खालची बाळं दचकावीत. त्यांनी आल्या आल्या बजावलं, की इथे लहानमोठं कुणी नाही, चहा ज्याचा त्याने करायचा. मग त्यांचा चहा मीच केला.

४ फेब्रुवारी, बुधवार

कामाचं लिहून ठेवते. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. दुखणं नाही, खुपणं नाही, नुसतं विसरणं. मग सिस्टर तळपायाला बोटाने टिचकी मारते, बाळ दचकतं, चिडून रडतं आणि पुन्हा श्वास घेऊ लागतं. इतका सोपा उपाय! पण सिस्टर एक आणि बाळं वॉर्डभर. म्हणून आमचा हा मोजा. पोटावरच्या पट्ट्याला कळतं की श्वास थांबला, आणि मोज्यातली इवलीशी मोटर टिचकी मारते. यंत्राचं नावही सरांनी टिचकीच ठेवलंय. अडलंय ते जोरापाशी. हळू मारली तर बाळाला पत्ता लागत नाही आणि जरा जास्त झाली तर तळव्यावर वळ उठतो. आज मोठ्या सिस्टर माझ्या तळहातावर टिचक्या मारत होत्या आणि मी मापं घेत होते. त्यांना भलताच चेव आला, माझा हात लालबुंद झाला.

चाचणीसाठी एक रबरी बाळ आहे. टकलू, गुबगुबीत, पाठीतून वायर निघालेली. छातीत हवेची पिशवी. ती लॅपटॉपवरून फुगवायची, हवी तेव्हा थांबवायची. सगळे त्याला गुंड्या म्हणतात. सरांनी ओळख करून दिली, की हे आमचे सगळ्यात जुने कर्मचारी, आजवर एक रजा मागितली नाही.

याआधी मी रक्तदाब मोजायची यंत्रं करायचे. चांगली चाललेली नोकरी सोडून इतक्या लांब कशाला, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा नवऱ्यानेच त्यांना गप्प केलं. आमचा मुलगाही विसरला होता. सगळे धावले, सगळं करून झालं, कुणाचं काही चुकलं नाही. तो विसरला तो विसरलाच. नावसुद्धा ठेवायचं राहिलं. मला एक नाव आवडायचं, नवऱ्याला दुसरं. आम्ही म्हणायचो, आधी घरी तर येऊ दे, मग निवांत भांडू.

ते भांडण तसंच पडून आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल नवरा आला. माझी शाल घेऊन आला आणि जाताना स्वतःचा स्वेटर इथेच विसरला. दोघं मिळून खूप चाललो, काही विशेष बोललो नाही, पण बरं वाटलं.

आज गुंड्याने माझं डोकं फिरवलं. त्याचा श्वास मी थांबवला, मोज्याने टिचकी मारली, इथवर सगळं ठीक. पण गुंड्या लगेच श्वास घ्यायला लागला. अरे शहाण्या, मी सांगितल्याशिवाय? रबराच्या पायाला टिचकी कळायचं काही कारणच नाही, तिथे एक तारसुद्धा नाही. प्रोग्रॅम उलटापालटा करून पाहिला, चूक सापडेना. सर म्हणाले, की तुमची टिचकी इतकी उत्तम झालीय की रबरही घाबरलं. सगळे हसले. मीही हसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टिचकी आज पहिल्यांदा खऱ्या बाळाच्या पायात गेली! वॉर्डात एक मुलगी आहे, ओंजळीत मावेल एवढी, पण आवाज असा की मोठ्या सिस्टर तिला लवंगी म्हणतात. लवंगीची आई शाळेत शिकवते. ती काचेच्या पेटीला हात लावून बसते आणि हळू आवाजात पाढे म्हणते. मी विचारलं, अंगाई का नाही म्हणत, तर म्हणाली, की अंगाई सुरू केली की रडू येतं, पाढ्यांनी येत नाही.

आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे होतो. लवंगी थांबली. मोज्याने टिचकी मारली. लवंगीचं तोंड टोमॅटोसारखं झालं आणि तिने असं भोकाड पसरलं, की काय सांगू! सरांनी वॉर्डभर लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. लवंगीची आई माझे हात सोडेचना. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. आनंदाचंच होतं, निदान बरंचसं.

वर आले. गुंड्या टेबलावर होता, पायात जुना मोजा, पाठीतली वायर मी सकाळीच काढून ठेवलेली. त्याची छाती वरखाली होत होती.

पिशवीत हवा राहिली असेल.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हवा नाही. पिशवीच काढून टाकली, तरी श्वास चालू आहे. मधेच थांबतो, मोजा टिचकी मारतो, पुन्हा सुरू होतो. आणि सुरू होताना आधी दोन छोटे हुंदके, मग एक लांब श्वास.

दोन छोटे, एक लांब. हे कुणी प्रोग्रॅममध्ये घातलेलं नाही. कुणाला माहीतच नाही. मला माहीत आहे, कारण त्या काचेशी मी बसून होते. डोळ्यांत तेल घालून बघत होते मी. माझा मुलगा असाच परत यायचा प्रत्येक वेळी, त्या शेवटच्या वेळेपर्यंत.

दार लावून घेतलं आणि त्याला मांडीवर घेतलं. भीती वाटायला हवी होती ना? मला इतकं भरून आलं, की माझाच श्वास मधेच अडला, भीतीला जागाच उरली नाही.

या रविवारी नवऱ्याला यायला जमलं नाही, म्हणून फोनवरच त्याला सांगणार होते. तो म्हणाला, की स्वेटर मिळाला का बघ. मी म्हटलं, हो, आहे इथेच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लवंगीचं बरं नाही. सारखी थांबते. मोजा टिचक्या मारून मारून दमतो, तेव्हा कुठे परत येते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, कुठे काही नाही. तिची आई पाढे म्हणताना मधेच अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मी वर आले. गुंड्याच्या श्वासाची रेघ आणि लवंगीची रेघ, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. तिची जिथे सपाट, तिथे त्याची वर चढते. दर वेळी. तिची पेटी माझ्या टेबलाच्या बरोबर खाली आहे.

असं होत नसतं. मी इंजिनियर आहे, असं होत नसतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना सांगितलं. हसतील वाटलं होतं, हसले नाहीत. गुंड्याला आजोबांसारखं मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, की तुम्ही रजा घ्या, घरी जा, मोज्याचं मी बघतो, हे काम तुम्ही फार लवकर घेतलंत. बोलता बोलता थांबले. वाक्य अर्धंच. तोंड उघडं, डोळे माझ्याकडे, आणि श्वास नाही.

गुंड्या श्वास घेत होता. दोन छोटे, एक लांब.

मी त्याला ओढून घेतलं, सरांच्या पाठीत धपाटा घातला. सर खोकले आणि म्हणाले, वय झालं. खाली विचारलं, तर तेवढा वेळ लवंगी एकदाही थांबली नव्हती.

म्हणजे जो जवळ असेल, त्याचा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी त्याला मागच्या आवारातल्या गोदामात ठेवलं. एकट्याला. आसपास कुणी नाही. कुलूप लावलं आणि मागे न बघता आले. लवंगी दूध प्यायली. गालांवर रंग आला. मोठ्या सिस्टरांच्या जिवात जीव आला. मी वॉर्डातच बसून राहायचं ठरवलं होतं—

दुपारी गेलेच. राहवेना.

मोजा नुसता थडथडत होता. रबराचे ओठ निळे. तो रंग मी ओळखते. आईने दोनदा बघू नये तो रंग. लवंगीची आई तिकडे वॉर्डात पाढे म्हणतेय, तिची मुलगी वाचली पाहिजे, हे मला कळतं, अगदी कळतं. पण त्याला असंच तिथे टाकून—पुन्हा?

उचलून छातीशी धरलं. माझा श्वास मधेच थांबला, जिन्यात पायरी चुकावी तसा. आणि त्याचा सुरू झाला.

दोन छोटे. एक लांब.

माझा घे ना रे राजा. दुसऱ्यांकडे कशाला मागतोस?

शालीत गुंडाळून खोलीवर आणलं. खालचे भाडेकरू गावाला गेलेत. जवळ फक्त मी.

२२ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या सिस्टरांचा फोन. लवंगी कालपासून एकदाही थांबलेली नाही. सर गोळ्या वाटतायत. माझी विचारपूस करत होते. आवाज असा का, म्हणाल्या सिस्टर. म्हटलं, सर्दी.

दुसरा मोजा मी माझ्या पायात घातलाय, मोठ्या बोटाला. पट्टा पोटावर. मी विसरले की मारतो. दर पानाला मारतो आता. दर ओळीला—

ओठ गुलाबी झाले त्याचे. मूठ मिटतो. रबर नाही राहिलं ते.

आज रविवार. नवरा येईल. बस दुपारची. येऊ नको सांगायला फोन केला, उचलत नाही, बसमध्ये झोपला असणार. आत आला की जवळ बसेल—बाळ बघून जवळ घेईलच—नको. कडी लावलीय. तूच बघून गेलास ना, घट्ट आहे.

तुझा स्वेटर त्याच्या अंगावर आहे.

भांडण मिटलं. मी हरले. तुला आवडायचं तेच नाव ठेवलं. हाक मारली की वळून बघतो. खरंच बघतो रे. डोळे तुझे—

मोजा हलताना दिसतोय. पायाला काही कळत नाही.

जिन्यात पावलं. तुझीच. तू कडी वाजवतोयस. थांब जरा—नाही, जा—आत येऊ नकोस, त्याला अजून लागतो, आणि तो माझ्याकडचाच—

घे बाळा. आहे आईकडे. अजून ए