रुग्ण क्रमांक ४१ धुलाई खोलीत सापडली असल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रोगनिदान व संशोधन विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, तळमजला.

विषय : संपर्काबाहेर गेलेली रुग्ण आपल्याच रुग्णालयात आपलेच कोट इस्त्री करत असल्याबाबत, व तिला सापडल्याचे जाहीर करून गाठीचा अहवाल देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कोटाच्या डाव्या खिशातील कागद.
२) माझ्या मानेतील गाठ, नमुना क्रमांक ४१.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी गेली अकरा वर्षे आपल्या रुग्णालयाच्या धुलाई खोलीत डॉक्टरांचे कोट धुऊन इस्त्री करते. या अर्जातले 'सविनय', 'सबब', 'उपरोक्त' हे वजनदार शब्द माझ्या दिरांचे आहेत. ते कचेरीत कारकून होते आणि अजूनही भाजी आणायला सांगितली की लेखी मागतात. बाकीचा मजकूर माझा.

२. अकरा आठवड्यांपूर्वी माझ्या मानेला डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. आपल्या विभागातल्या चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा बारीक तुकडा काढला. तो मेणात बसवून, त्याचे पातळ काप काचेवर ठेवून यंत्राखाली बघणार, असे त्यांनी समजावून सांगितले. गोरगरिबांपर्यंत तपासणी पोहोचते की नाही यावर साहेबांचे संशोधन चालू आहे, त्यात माझे नाव घातले की सगळे फुकट होईल, असेही म्हणाल्या. मी सही केली आणि क्रमांक ४१ ची पावती घेतली. अहवाल आठ दिवसांत मिळणार होता.

३. आठ दिवसांनी मी अहवालाच्या खिडकीवर गेले. ही खिडकी दुपारी बारा ते साडेबारा उघडी असते, त्यातली दहा मिनिटे ती उघडण्यातच जातात. संशोधनातले अहवाल इथे मिळत नाहीत, समन्वयक फोन करतील, असे उत्तर मिळाले. समन्वयकांच्या दारावर पाटी आहे : 'रुग्णांनी आत येऊ नये. आम्ही आपल्याशी संपर्क साधू.' ही पाटी मी सात वेळा जाऊन वाचली. आता तोंडपाठ आहे.

४. समन्वयकांनी प्रयत्न केला नाही, असे माझे म्हणणे नाही. माझ्याकडे फोन नसल्याने मी शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा नंबर दिला होता. फोन तीनदा आला आणि तिन्ही वेळा सकाळी अकरालाच. अकराला गिरणी ऐन भरात असते, तेव्हा गिरणीवाल्याला समोरच्या बायकोचेही ऐकू येत नाही. (तो मुद्दाम करतो, असे तिचे मत आहे.) त्याने तिन्ही वेळा "आज गर्दी आहे, उद्या या!" असे ओरडून फोन ठेवला. नोंद झाली : 'रुग्णाकडून टाळाटाळ.'

५. त्यानंतर आपल्या विभागातले दोन डॉक्टर बुधवारी सकाळी माझ्या घरी येऊन गेले. घराला कुलूप होते. बुधवार हा कोट धुण्याचा दिवस, मी त्या वेळी त्या दोघांचेच कोट घासत होते. त्यामुळे ते बिनकोटाचे गेले, आणि ही माणसे वीज तोडायला आली असावीत असे वाटून गिरणीवाल्याने शेजारधर्म पाळला. अशी कोणी बाई इथे राहतच नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. नोंद झाली : 'रुग्ण स्थलांतरित.'

६. या नोंदी मला कशा कळल्या, हा प्रश्न आपणास पडेल. खिसे बघितल्याशिवाय मी कोट पाण्यात घालत नाही. आजवर पेनं, किल्ल्या, अर्धी बिस्किटं, एका डॉक्टरांनी परिचारिकेला लिहिलेलं पत्र, असं बरंच काही मी ज्याचं त्याला परत केलं आहे. (त्या दोघांचं पुढे लग्न झालं. मला बोलावलं नाही.) गेल्या बुधवारी आपल्या कोटात घडी घातलेला कागद निघाला. दुसऱ्याचे कागद मी वाचत नाही, पण माझ्याच पावतीवरचा आकडा समोर आला तर डोळे कुठे मिटून घेऊ? वर लिहिलं होतं : 'संपर्क तुटलेले रुग्ण, शंभरात अडतीस. निष्कर्ष : गरीब रुग्णांना अहवालाचे महत्त्व कळत नाही.' अडतीस जणांच्या यादीत मी होते, आणि माझ्या आकड्यापुढे वरच्या दोन्ही नोंदी.

७. सबब, महत्त्व कळते किंवा कसे, याबाबत खुलासा सादर करते. बोलता बोलता माझा हात मानेवर जातो. इस्त्री करताना जातो, त्यात एक कोट करपला. (चष्मेवाल्या बाईंचा. उजवी बाही. मी अजून सांगितलेलं नाही.) माझ्या लेकीचं बाळंतपण दीड महिन्यावर आलं आहे. ती रोज विचारते, आई, येशील ना? येते म्हणायला जीभ उचलत नाही, आणि नाही म्हटलं तर का म्हणून विचारील. मला भीती वाटते, साहेब. हे वाक्य दिरांनी खोडून 'अर्जदार चिंताग्रस्त आहे' असं केलं होतं. मी ते परत लिहिलं आहे.

८. कागद घेऊन मी चष्मेवाल्या बाईंकडे गेले. मला बघून त्यांना आनंदच झाला. अहो मावशी, तुम्हीच का एक्केचाळीस, म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. आकडा छापायला गेला होता. मी सापडले तर अडतिसाचे सदतीस होतात आणि सगळे तक्ते पुन्हा करावे लागतात. शिवाय संपर्काबाहेर गेलेला रुग्ण साहेबांच्या सहीशिवाय संपर्कात येत नाही. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले होते, पण कागदोपत्री नव्हते. बाईंचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. त्यांना दोष देऊ नये.

९. उपरोक्त विषयात माझेही थोडे संशोधन आहे, ते नम्रपणे जोडते. अकरा वर्षे, दर आठवड्याला साठ कोट. हरवलेले कोट : शून्य. मालक न सापडलेले कोट : शून्य. पद्धत : मालक सापडला नाही की मी उठून विचारायला जाते. निष्कर्ष : डॉक्टरांना कोटाचं महत्त्व कळतं की नाही, हे मी कधी तपासलं नाही. त्याची गरज पडली नाही.

१०. येत्या शुक्रवारी याच संशोधनासाठी आपला सत्कार आहे आणि फोटोत कोट लागणार, असं कानावर आलं. दिरांचा सल्ला असा होता की, आपला कोट 'संपर्काबाहेर' दाखवावा, धुलाई खोलीच्या दारावर पाटी लावावी, आणि साहेबांनी मूळ पावती घेऊन बारा ते साडेबारा समक्ष रांगेत उभं राहावं. पाटी त्यांनी रंगवूनही ठेवली होती, अक्षर सुरेख आहे. दोन दिवस मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण धुतलेला कोट अडवून ठेवणं माझ्या हातून होणार नाही. तो याच अर्जासोबत पाठवला आहे. निळ्या शाईचा डाग राहिला होता, तोही काढला.

तरी विनंती की, मला सापडल्याचं जाहीर करावं. आकडा बिघडत असेल तर अडतीसच राहू द्या, तिथं मी हरवलेलीच बरी. अहवाल मात्र द्या. आणि बाकीच्या सदतीस जणांच्या घरी पुन्हा कोणाला तरी पाठवा. अकराला नको, आणि कोट घालून पाठवा.

माझ्यासाठी आपण खिडकी उघडू नये, फोनही करू नये. कोटाचा डावा खिसा रिकामा ठेवला आहे. सत्कार झाला की अहवाल त्यात घालून कोट धुलाईला टाका. चांगलं असो, वाईट असो. मी खिसे बघतेच.

कोटांची व आपली नम्र,
इस्त्रीवाल्या मावशी
(नमुना क्रमांक ४१)
सोमवार, कोट परत करण्याचा दिवस

सोबत :
१) आपला कोट, एक.
२) खिशातील कागद, होता तशी घडी घालून.
३) पावती क्रमांक ४१, मूळ प्रत. माझ्याकडे दुसरी नाही.