हवेतले साठ मैल

अमरावती,
बुधवार, १६ जानेवारी १९६३

प्रिय उद्धव,

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशी आलं. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, म्हणून ते पोळपाटाखाली ठेवलं आणि त्या गेल्यावर वाचलं. बाबा आता माणसं ओळखत नाहीत, पण रोज सकाळी 'विमलची गाडी आली का?' एवढं विचारतात, असं तू लिहिलंस. आणि खाली, वेगळ्या शाईत, ताई, तुला सासरचं सोडवत नसेल तर तसं कळव, म्हणजे मी त्यांना तसं सांगेन. ही ओळ तू दुसऱ्या दिवशी लिहिलेली दिसते. बरोबर लिहिलीस. अकरा वर्षांत मी अकोल्यात एकही रविवार काढला नाही. सोमवारी येते, शुक्रवारी निघते. आईच्या वेळीही तेरा दिवस थांबले नाही, आणि तू मला स्टेशनवर सोडायला आला नाहीस. कारण मी कधी सांगितलं नाही. मोठ्यानं म्हटलं तर हसू येईल असं ते आहे. रविवारी मला मोटारीत बसावं लागतं.

सत्तेचाळीस साली कापूस कंपनीचा साहेब विलायतेला निघाला आणि बाबांनी त्याची ती छोटी ऑस्टिन घेतली. गावात तिला 'डॉक्टरांची डबी' म्हणत. बाबांनी मला बार्शीटाकळीच्या रस्त्यावर चालवायला शिकवलं. तू मागच्या सीटवर उभा राहून माझ्या खांद्यावरून हात काढायचास, कारण पितळी भोंगा तुझ्याकडे होता आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नव्हता. एकदा समोरून बैलगाडी आली आणि मी रस्त्याच्या मधोमध. बाबा ओरडले, डावीकडे घे वं, रस्ता का तुह्या बापाचा हाये? मग स्वतःच इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दवाखान्यात ते असं बोलत नसत. गाडीत बसले की त्यांच्या तोंडी आजीची भाषा येई.

लग्नात बाबांनी ती गाडी मला दिली. इकडे मीच चालवत आणली, शेजारी हे बसले होते. बडनेऱ्यात म्हणाले, किती जपून चालवतेस. मला ते कौतुक वाटलं. कौतुकच होतं. पुढच्या वर्षी त्या मापाचे टायर मिळेनासे झाले. विलायतेहून यायचं ते बंद. नवे टायर मिळेपर्यंत म्हणून यांनी ऑस्टिन लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाकं जमिनीपासून चार बोटं वर. मग एका निवृत्त इंजिनियरची मॉरिस आली, नंतर स्टँडर्ड, नंतर सिंगर. सगळ्या छोट्या, सगळ्या विलायती, सगळ्या कुणीतरी मागे टाकलेल्या. यांनी सांभाळल्या नसत्या तर चारींचे पत्रे भंगारवाल्याकडे गेले असते. ते खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या ओळीनं आहेत. प्रत्येकीच्या दिव्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे, तिच्यावर साल आणि मूळ मालकाचं नाव. ऑस्टिनच्या चिठ्ठीवर साहेबाचं नाव आहे. बाबांचं नाही, माझंही नाही. आम्हाला मूल नाही. लोक यांच्या गाड्यांविषयी बोलतात तेव्हा बहुधा त्याविषयीच बोलत असतात.

उभी गाडी मरते. म्हणून दर रविवारी नऊ वाजता चारीही सुरू करायच्या. हे पुढं उभं राहून हँडल मारतात आणि आत कुणीतरी बसून पेट्रोल धरावं लागतं. इंजिन गरम झालं की गियर टाकायचा, म्हणजे तेल आतपर्यंत फिरतं. मागची चाकं हवेत फिरतात. आत मी बसते. पुंजाजी मिस्त्री ग्रीसपाण्याला येतो, पण त्याचं पाऊल जड आहे असं यांचं म्हणणं. तुझं पाऊल हलकं आहे, विमल. मी एकदा म्हटलं, या रविवारी अकोल्याला राहते. हे रागावले नाहीत. उद्धव, हे कधीच रागावत नाहीत. म्हणाले, जा की, पण एक रविवार चुकला की इंजिनं जाम व्हायला सुरुवात होते, तेवढं लक्षात घे. मी लक्षात घेतलं. पहिल्यांदा घेतलं, मग सवयच झाली. आहेत त्याच टायरवर अकोल्याला जाऊ का, असंही मी विचारलं होतं, दोनदा. साठ मैल गेले तर वाटेत फाटतील, म्हणाले, आणि वस्तू वापरली की संपते. टायर फाटतील हे खरंच आहे, मी बोटानं दाबून पाहिले आहेत.

आता तुला जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. चाकं हवेत फिरली तरी मीटर पुढं जातो. पहिल्या वर्षी ते माझ्या ध्यानात आलं. दर रविवारी मैल, सव्वा मैल. वर्षाचे साठ. इथून अकोला साठच आहे. मग मी रस्ता धरला. समोर शेडची भिंत, तिच्यावर टांगलेले पाने आणि एक कॅलेंडर. पण आषाढात मी लोणी गाव मागे टाकलेलं असे, दसऱ्याला मूर्तिजापूर, थंडीत काटेपूर्णेचा पूल. वर्षाच्या शेवटी आपल्या फाटकाशी पोचायची आणि पुढच्या रविवारी परत फिरायची. पुंजाजी एकदा चाकांकडे बघत म्हणाला, बाई, गाडी तं पळून राहिली, पन गाव काई येऊन नाई राह्यलं. मी हसले. तो गाडीबद्दल बोलत होता. यंदा अकरावी फेरी, म्हणजे तुमच्याकडे येण्याची. बाबा विचारायला लागल्याचं तू दिवाळीत लिहिलंस तेव्हा मी मूर्तिजापूरच्या पुढं होते. मला वेडेपणानं वाटलं की वेळेवर पोचेन.

डिसेंबरात मुंबईहून एक गृहस्थ गाड्या पाहायला आले. त्यांच्याकडेही अशाच आहेत. हे त्यांना सांगत होते, ही ऑस्टिन बावन्न सालापासून जागची हललेली नाही. ते गृहस्थ आत वाकले. मग यांच्या वहीत मीटरचा बावन्न सालचा आकडा पाहिला आणि पुन्हा आत वाकले. म्हणाले, वकीलसाहेब, जागची हललेली नाही म्हणता, आणि साडेसहाशे मैल कोण फिरवून आलं? हे गोंधळले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. गोंधळ फिटल्यावर दोघंही हसले, आणि पाहुणे मला म्हणाले, वहिनी, बराच प्रवास झाला की तुमचा. त्यांनी सहज म्हटलं. ट्रे मी तिथंच बॉनेटवर ठेवला. बॉनेटवर काही ठेवायचं नाही असा नियम आहे. यांनी तो लगेच उचलला.

पुढच्या रविवारी मी गियर टाकला आणि काटा शून्यावरच राहिला. मी पुन्हा टाकला. हे समोरून म्हणाले, मीटरची तार काढून ठेवलीय, उगाच झिजते. तू नीट बस. चाकं फिरत होती. मी बोरगाव मंजूच्या पुढं आले होते, नऊ मैल राहिले होते. त्यानंतर पाच रविवार मी नीट बसले.

परवा तुझं पत्र वाचल्यावर यांना सांगितलं की अकोल्याला जाते. हो म्हणाले, शनिवारपर्यंत परत ये. मी म्हटलं, नाही, मी जाणारच रविवारी आहे. हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, रविवारी कसं जाशील? ते विचारत नव्हते. मला सांगत होते, पाणी उताराला जातं असं सांगावं तसं.

आज हे कोर्टात गेल्यावर मी पुंजाजीकडे पेचकस मागितला. कायले पायजे? म्हणाला. मी ऑस्टिनकडे नुसतं बघितलं. त्यानं पेचकस दिला आणि हात पुसत म्हणाला, मले काई मालूम नाई, मी आज आलोच नवतो. दोनच स्क्रू होते. भोंगा आता माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत आहे. रबर अजून मऊ आहे. हे दर महिन्याला त्याला ग्लिसरीन लावतात. यांनी जपला म्हणून तो वाजतो, हेही तुला लिहायला हवं.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल, आणि ज्यासाठी लिहिलं ते काम एवढंच आहे. रविवारी पहाटेच्या गाडीनं मी बडनेऱ्याहून निघते. नऊच्या सुमारास टांग्यानं फाटकाशी असेन. त्या वेळी इथं हे हँडल घेऊन ऑस्टिनसमोर उभे असतील आणि आत कुणी नसेल. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, तरी मी येणार आहे. सोमवारी काय, ते मला माहीत नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाही, एवढं माहीत आहे. तू बाबांची खाट खिडकीपाशी ओढून ठेव. मी तीनदा वाजवीन, तू वाजवायचास तसा, दोन आखूड आणि एक लांब. बाबांनी विचारलं की म्हण, आली. खोटं बोलतोस असं वाटून घेऊ नकोस. नऊ मैल सोडले तर बाकी सगळा रस्ता मी तिच्यातच बसून आले आहे.

तुझीच,
विमलताई