कलम बावीस आणि सायलोसीची टोपी

सोमवार, ९ ऑगस्ट

ती. आत्यांना,

नमस्कार आणि गुडघ्याची चौकशी खालच्या परिच्छेदात करते. आधी एक चूक दुरुस्त करू द्या, नाहीतर माझा हात पुढे चालणार नाही. गेल्या महिन्याच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या कचरागाडीवरचा चालक सायलोसी हा शहरातच जन्मलेला, कुठल्याच गावचा नसलेला, उद्धट माणूस आहे. ते चूक आहे. तो वाईद्रालाचा आहे. (आत्या, कृपया बसून घ्या. बोटीच्या धक्क्यावर उभ्यानंच पत्र वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य सुरुवातीलाच घातलं. तिथे बसायला तो ओंडका जवळ असतो.) ‘उद्धट’ हा शब्दही मी मागे घेते.

आता रीतसर, वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं मलम गुडघ्यालाच लावताय ना? (मागच्या वेळी तुम्ही ते काकांच्या कुत्र्याच्या कानाला लावलंत असं कळलं. कुत्रा बरा झाला याचा आनंद आहे.) फोन करायचा विचार होता, पण सिग्नल मिळतो त्या चर्चच्या पायऱ्यांवर तुम्ही फोन घेतलात की निम्मं गाव शेजारी येऊन बसतं, आणि मला जे मागायचं आहे ते पाळकांच्या बायकोच्या कानावर जाऊ नये अशी फार इच्छा आहे. म्हणून पत्र. मी बरी आहे.

फेब्रुवारीत मला नगरपालिकेच्या आस्थापना विभागात एक वर्षाच्या परिविक्षेवर घेतलं, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात मुख्याधिकारी मुनसामी साहेबांनी माझ्या टेबलावर एक कोरी फाईल ठेवली. आमचे कर्मचारी-नियम इतके जुने आहेत की त्यात घोड्याला चारा घालणाऱ्याच्या रजेचं कलम अजून आहे, आणि घोडा माझ्या जन्माआधीच मेला. “नवे नियम लिही,” साहेब म्हणाले. “तू काटेकोर आहेस असं ऐकतो.” तेव्हाच मी सांगायला हवं होतं की काटेकोर माणसाच्या हाती कोरी फाईल देऊ नये. मी ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा नगरपालिकेची पुस्तिका समोर ठेवली आणि एक्क्याण्णव कलमं लिहिली. त्यातली दोनच तुम्हाला सांगते. कलम सात: कामाच्या ठिकाणी कोणी कोणाला गाव, बेट, प्रांत विचारू नये आणि आपलाही सांगू नये. (म्हणजे आपल्या गावच्याला बढती, दुसऱ्याच्या गावच्याला झाडू, हे बंद व्हावं.) कलम बावीस: जो सहकाऱ्याला अपशब्द बोलेल, त्याची टिंगल करेल, किंवा त्याची वस्तू न विचारता उचलेल, त्याला कायम पदावरून काढून रोजंदारीवर टाकावं. आणि याच कलमाला मी चौथं उपकलम जोडलं, की एकदा लिहिलेली तक्रार मागे घेता येणार नाही. कारण मला माहीत आहे ना, आपल्याकडे एखाद्या मुलीनं तक्रार केली की संध्याकाळी चार वडीलधारे यांगोना प्यायचं भांडं घेऊन दारात येऊन बसतात, आणि भांडं रिकामं होईपर्यंत तक्रारही विरघळलेली असते.

साहेबांनी जुलैपासून हे नियम तात्पुरते लागू केले. नियम तात्पुरते, शिक्षा मात्र खरी. हजेरीपटाशेजारी तक्रारवही टांगली. चार आठवडे तिच्यात कोणी एक अक्षर लिहिलं नाही. जो तो वहीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. नियम करणारीच नियम वापरत नसेल तर इतरांनी काय करावं, या विचारानं मला झोप लागेना, आणि तीस जुलैला मी स्वतःच पहिली तक्रार लिहिली. सायलोसीविरुद्ध. तीन प्रतींत.

तक्रारीला कारण होतं, आत्या. मी नोकरीला लागले त्याच दिवशी हा माणूस सही करायला खिडकीशी आला, माझ्या नावाची पाटी त्यानं वाचली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा ओरडला, “अलुमिता! अरे देवा, खेकडे आता खुर्चीत बसायला लागले! सांभाळा रे, टेबलाखालून नांगी मारेल!” मग त्यानं माझा डबा उचलला आणि गाडीच्या पायरीवर बसून माझ्या डोळ्यांदेखत माझा कसावा आणि मासा खाल्ला. त्यानंतर दर बुधवारी हेच. “तुमच्या गावात सरळ रेघ कुणी बघितली आहे का? मग हजेरीपटावर रेघा कशा मारतेस, बाई?” मी म्हणायचे, “धन्यवाद, पुढे चला.” (खरंच असं म्हणायचे. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.) आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे तो आपल्या वस्तू माझ्या टेबलावर विसरायचा. छत्री, टोपी, एकदा केळ्यांचा अख्खा घड. मी प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून ती ‘सापडलेल्या वस्तू’ कपाटात जमा करायचे आणि त्याला पावती द्यायचे. ती पावती हातात धरून तो खिडकीशी बराच वेळ उभा राहायचा. मला वाटायचं, त्याला वाचता येत नसावं.

तक्रार त्याला वाचून दाखवायचं कामही माझंच होतं. टोपी हातात घेऊन त्यानं सगळं ऐकलं. कोणाच्या घरी मयत झाल्यावर विचारतात त्या आवाजात त्यानं विचारलं, “मुली, तू खरंच रागावलीस?” मी म्हटलं, कोणी रागावलं की नाही याचा कलम बाविसात विचार केलेला नाही. त्यानं मान हलवली, वहीत सही केली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, आणि जाता जाता म्हणाला, “तुझ्या आत्यानं माझी विजार पळवली होती. तीही अलुमिताच. अठरा वर्षांचा होतो मी, तुमच्या ओढ्यावर अंघोळ करत होतो. बोटीपर्यंत केळीचं पान गुंडाळून गेलो आणि तुमचं अख्खं गाव किनाऱ्यावर टाळ्या पिटत होतं. तुझी पाटी वाचली तेव्हा वाटलं, चला, या शहरात आपलं कुणीतरी आलं.” तेव्हा मी कलम सातचा भंग केला. विचारलं, “काका, तुम्ही कुठले?”

“वाईद्राला. दुसरं कोण तुम्हाला खेकडे म्हणेल?”

आत्या, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र त्याचं सेवापुस्तक वाचलं होतं. त्यात जन्मस्थानापुढे ‘शहर, मिशनचं इस्पितळ’ असं लिहिलेलं आहे, कारण त्याची आई अडली म्हणून तिला बोटीनं इथे आणलं होतं. पुस्तकात बघितलं, माणसाला विचारलं नाही. आणि विचारायचं नाही हा नियम माझाच.

तुमचा यात काही दोष नाही. शाळेत जायच्या आधी, त्या चटईवर, कोणाला काय म्हणायचं, कोणाशी थेट बोलायचं नाही, कोणासमोर डोक्यावर काही घालायचं नाही, हे सगळं तुम्ही मला शिकवलंत आणि मी पाठ केलं. पण वाईद्रालाची माणसं आली की मी पाण्याच्या टाकीमागे लपायचे. ती ओरडत यायची, आपल्या कोंबड्या धरायची, तुम्हाला नाही नाही ते बोलायची, आणि तुम्ही पोट धरून हसायचात. तुम्ही हसत होता म्हणून तर मला जास्त भीती वाटायची. तो एक धडा राहिला. आता लिहून काढते, चुकलं तर खूण करा. आपला आणि वाईद्रालाचा मूळपुरुष एक, म्हणून दोन्ही गावं एकमेकांची तौवू. तौवूनं तौवूला वाटेल ते बोलावं, त्याचं वाटेल ते उचलून न्यावं. दुसऱ्यानं रागवायचं नाही. तसंच बोलून, तसंच उचलून फेड करायची. जो रागावेल, चूक त्याची. (म्हणजे माझी. तीन प्रतींत.) सहा महिने तो माणूस माझ्या टेबलावर टोपी ठेवत होता, मी ती पळवावी म्हणून, आणि मी त्याला पावत्या देत होते.

आता सुनावणी आहे. गुन्हा सिद्ध झाला तर सत्तावीस वर्षांची नोकरी झालेला, निवृत्तीला आठ महिने उरलेला सायलोसी रोजंदारीवर जाईल, आणि डेपोमागची खोली कायम माणसांनाच मिळते, म्हणून तो आणि त्याची बायको त्या खोलीतूनही जातील. खुलासा दे म्हणून मी त्याच्या हातापाया पडले. तो म्हणाला, “तौवूचा खुलासा द्यायचा नसतो. दिला की आपण नुसते पाहुणे झालो.” मी तक्रार मागे घेऊ शकत नाही, उपकलम चार. गावांची नावं सुनावणीत काढू शकत नाही, कलम सात. कुठे फट सापडते का म्हणून मी माझेच नियम तीनदा वाचून काढले. कळवायला वाईट वाटतं, पण ते फार पक्के झाले आहेत.

शेवटी मुनसामी साहेबांकडे गेले. ते रोटी खात होते. सगळं ऐकून म्हणाले, “काल माझी मेहुणी बाराजणांसमोर मला वाळलेलं वांगं म्हणाली.”

“मग आपण काय केलंत?”

“तिच्या स्वयंपाकाबद्दल बोललो. चांगलं पाच मिनिटं. तिनं मला आणखी वाढलं.” मग बोटं पुसून म्हणाले, “कलम बदलायचं तर सुनावणीतच दुरुस्ती मांड. पण तिथे तीन नगरसेवक बसणार. एकजण सिडनीत वाढलेले, एक बाई दुसऱ्याच बेटाच्या, आणि अध्यक्ष दर रविवारी प्रवचन करतात. ‘हा अपमान नव्हता’ असं कागदावर वाचून त्यांना पटायचं नाही. त्यांना दिसायला पाहिजे.”

“काय दिसायला पाहिजे, साहेब?”

“मी कसं सांगू? मी मुख्याधिकारी आहे.”

म्हणजे काय ते मला कळलं आहे. मी भर सुनावणीत उठून सायलोसीचा यथेच्छ अपमान करायचा. तो हसला आणि बाकीचेही हसले, तर दुरुस्ती मंजूर होईल. कोणी हसलं नाही तर तीन नगरसेवकांसमोर मी स्वतः कलम सात आणि बावीस दोन्ही मोडलेली असतील, माझी परिविक्षा तिथेच संपेल, आणि सायलोसीची खोलीही जाईल ती जाईलच. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तिसरी बाजू नाही.

घरी सर्वांना नमस्कार. मलम गुडघ्यालाच लावा.

तुमची,
धाकटी अलुमिता

ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. आत्या, मला अपमान पाठवा. उद्या मंगळवारी बोट निघेल, शनिवारी परत येईल, तेवढ्यात किमान चार हवेत. वाईद्रालाच्या लोकांचे, जुने, कसाला उतरलेले, प्रवचन करणाऱ्या माणसासमोर बोलता येतील असे. त्याच्या आईवरून नको. आजोबांवरून चालेल. मी स्वतः अकरा करून पाहिले. त्यातला सगळ्यात कडक असा: ‘वाईद्रालाची माणसं कधी कधी उशिरा येतात.’ आरशासमोर म्हणून पाहिला आणि लगेच आरशाची माफी मागितली.

ता. क. दुसरा. दुरुस्ती अशी लिहिली आहे: ‘ज्यांना एकमेकांवर रागवायची मुभा नाही, त्यांना कलम बावीस लागू नाही.’ बरोबर आहे का? एखादा शब्द जास्त होतोय का?

ता. क. तिसरा. हे लिहावं की नाही कळत नाही. आज सकाळी गाडीच्या आरशावर त्याची टोपी लटकली होती. मी आजूबाजूला पाहिलं आणि ती उचलली. टोपी खणात टाकली आणि सवयीनं पावती लिहायला घेतली. मग पावती फाडली. त्यानं सगळा बाजार बोडक्या डोक्यानं, उन्हात साफ केला. दुपारी खिडकीशी आला आणि भिंतीकडे बघून ओरडला, “काय हा खेकड्यांचा सुळसुळाट! माणसाच्या डोक्यावरचंसुद्धा सोडत नाहीत!” आणि माझा डबा घेऊन गेला. या वेळी मी धन्यवाद म्हटलं नाही.

ता. क. शेवटचा. समुद्र खवळला आणि शनिवारी बोट आली नाही, तरी काळजी करू नका. मोठ्यांसमोर डोक्यावर काही घालायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, पण त्याची टोपी मी घालून जाणार आहे, आणि दुसरं काही सुचलं नाही तर ते उशिरा येण्याचंच बोलेन, फक्त ‘कधी कधी’ गाळून. सुनावणी गुरुवार, १९ ऑगस्ट, सकाळी दहा वाजता.